अकरावीचा फॉर्म कोण भरतो?

(हे पत्रक पाड्यावर मोठ्याने वाचावे. दहावीची पोरं आणि त्यांचे आईबाप हजर असावेत.)



दहावीचा निकाल लागला की आठ-दहा दिवसांत आपल्या पोरांचं पुढचं ठरून जातं. एक फॉर्म असतो. त्यात कला, वाणिज्य, विज्ञान असं लिहिलेलं असतं. त्यातल्या एकावर खूण करायची. बाप मजुरीवर गेलेला, आई राबाच्या कामात. पोर एकटं कचेरीच्या खिडकीशी उभं. कारकून नाव विचारतो, गाव विचारतो, जमात विचारतो, दाखला बघतो. शाखा मात्र विचारत नाही. "तुमचं आर्ट्सच ना?" म्हणतो आणि खूण करून मोकळा होतो.

आमचा सवाल एवढाच आहे : ही खूण कोणी केली? पोरानं केली नाही. आईबापानं केली नाही. मग पोराच्या नावानं निवड झाली असं कसं म्हणायचं?

काही जण विचारतील, जमिनीच्या लढाईच्या पत्रकात हे शाळेचं कशाला? कारण आपल्या जमिनी अशाच गेल्या. बाप कचेरीत उभा होता, "आमाला काय कळतं सायेब, तुमीच लिवा" म्हणाला, आणि साहेबानं लिहिलं. कागद बापाच्या नावाचा, अक्षर दुसऱ्याचं, अंगठा बापाचा. आता पोराच्या फॉर्मवर तेच चाललंय. फरक इतकाच की पोर सही करतं.

शून्य कुठे आहे ते बघा

गणित आपल्या कामाचं नाही, असं मास्तर म्हणतात. आपला सातबारा काढा आणि बघा.

आपण जमीन एकर-गुंठ्यात बोलतो. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एक एकर. हे आजोबालाही ठाऊक होतं. पण सातबारावर आता हेक्टर आणि आर असतात. शंभर आरचा एक हेक्टर, म्हणजे अडीच एकराला थोडं कमी. आता ज्याची जमीन साधारण दोन एकर आहे त्याच्या उताऱ्यावर ०.८० असं येतं. माणूस बघतो, पुढे शून्य दिसतं. कोणी सांगितलं, "तुझी एकरभरसुद्धा नाही रे," तर तो मान हलवतो. आणि लिहिणाऱ्यानं ०.८० च्या जागी ०.०८ लिहिलं तर? एक शून्य इकडचं तिकडे झालं आणि दोन एकराचे आठ गुंठे झाले. ही दशांश अपूर्णांकाची चूक आहे. प्राथमिक शाळेतलं गणित आहे. ज्याला ते पक्कं येतं तो तिथल्या तिथे बोट ठेवील. ज्याला येत नाही तो दहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढेल.

पुढचं बघा. १९७४ साली कायदा झाला की आदिवासींच्या बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत द्यायच्या. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनींसाठी तो आहे. १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू झाला. त्यात आदिवासीनं जमीन परत घेताना किती भरायचं तेही सांगितलंय : आकाराच्या ४८ पट, आणि समोरच्यानं काही सुधारणा केल्या असतील तर कलेक्टर ठरवील ती त्यांची किंमत. आकार अडीच रुपये असेल तर ४८ पट म्हणजे १२० रुपये. एवढा गुणाकार घरात कोणाला येत असता तर "हजारो रुपये भरावे लागतील, तुला झेपणार नाही, सोड नाद" असं सांगणाऱ्याचं किती जणांनी ऐकलं असतं?

शेटकडून पावसाळ्यात दिढीनं भात आणतो. एक मण आणला तर दिवाळीला दीड मण घालायचा. आपण म्हणतो, अर्धा मण तर जास्त. हिशेब करा. चार महिन्यांना शेकडा ५०, म्हणजे वर्षाला शेकडा १५० व्याज झालं. शेटच्या पोराला हे येतं. तो कॉमर्सला आहे.

आणि जंगलप्लॉट? १९७८ च्या शासन निर्णयाच्या आधारानं आपण दावे लावले. जंगल खातं नकाशा दाखवतं आणि म्हणतं, तुझा प्लॉट रेघेच्या आत येतो. सर्व्हे ऑफ इंडियाचा जो नेहमीचा नकाशा असतो त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. म्हणजे पेन्सिलीची एक मिलिमीटर जाड रेघ ५० मीटर रुंद झाली. तुमचा बांध २०० मीटर लांब असेल आणि रेघ त्याच्या कडेनं गेली असेल, तर नुसत्या रेघेच्या जाडीखाली एक हेक्टर जमीन आली. ती रेघ आतून धरायची की बाहेरून, यावर तुमचं पोट आहे. हे विचारायला वकील लागत नाही. भूगोल आणि गणित धड शिकलेलं पोर लागतं.

'झेपत नाही' म्हणजे काय?

"तुमच्या पोरांना सायन्स झेपत नाही." हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की आता आपणच ते बोलायला लागलोय. याचा एकदा निकाल लावू.

आठवी ते दहावी ज्या शाळेत गणिताच्या मास्तराची जागा वर्षवर्ष रिकामी असते, आणि जो मास्तर मराठी शिकवतो तोच बीजगणिताचं पुस्तक नुसतं वाचून दाखवतो, तिथल्या पोराला गणित कसं झेपावं? विज्ञानाचं कपाट कुलपात, किल्ली मुख्याध्यापकाकडे, मुख्याध्यापक तालुक्याला. पोरानं परीक्षानळी चित्रातच पाहिली. प्रयोगवही मात्र पुरी आहे, फळ्यावरून उतरवून घेतलेली. अशा पोराला आपण म्हणतो, तुला झेपत नाही. शेतात बी टाकलंच नाही आणि म्हणायचं, जमीन नापीक.

मग अकरावी. आपल्या भागात आश्रमशाळेला अकरावी-बारावी जोडली तर ती बहुतेक कलेची. का? त्यात शहाणपणाचा विचार वगैरे काही नाही. कलेला खोली, फळा आणि मास्तर एवढ्यावर भागतं. विज्ञानाला प्रयोगशाळा लागते, पाणी लागतं, वीज लागते, रसायनं लागतात, प्रयोगशाळा सहायकाची जागा मंजूर करावी लागते. म्हणजे पैसे लागतात. सरकारनं पैसे वाचवले आणि वर सांगितलं की आदिवासींचा कल कलेकडे आहे. आमच्या पोरांचा कल तुम्ही कधी विचारला? तुमच्या तिजोरीचा कल आमच्या माथी कशाला मारता?

तिसरी गोष्ट भाषेची. दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून. आधी घरची बोली एक आणि शाळेची मराठी दुसरी, तिच्याशी झगडून पोर दहावीला येतं. अकरावीला विज्ञान घेतलं की एका उन्हाळ्यात सगळं इंग्रजी. काल 'गुरुत्वाकर्षण' पाठ केलेलं पोर आज वर्गात बसतं आणि त्याला आपण कोणत्या तासाला बसलोय तेच कळत नाही. पहिल्या चाचणीत नापास झालं की मास्तर म्हणतात, "बघा, सांगितलं नव्हतं?" हे पोर विज्ञानात नापास झालेलं नाही. मधला पूलच बांधला नाही, आणि जो पाण्यात पडला त्यालाच दोष.

चौथी गोष्ट राहण्याची. विज्ञानाचं कॉलेज तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला. तिथे राहायचं तर आदिवासी वसतिगृहात. कॉलेज जुलैत सुरू होतं आणि वसतिगृहाची यादी लागता लागत नाही. तोवर पोर कुठे राहणार? एस.टी. स्टँडवर? दोन महिने कुणाच्या पडवीत काढतं, खाण्याचे हाल होतात, गणपतीला घरी येतं ते परत जात नाही. वहीत शेरा पडतो : 'स्वेच्छेने शाळा सोडली.' ही कसली स्वेच्छा?

तर 'झेपत नाही' याचा अर्थ असा : मास्तर नाही, प्रयोगशाळा नाही, भाषेची सोय नाही, राहायला जागा नाही. यातलं एकही कारण पोराच्या डोक्यात नाही. सगळी कचेऱ्यांत आहेत.

आपली जागा मोकळी राहत नाही

कोणी म्हणेल, नाही गेली आपली पोरं विज्ञानाला, तर नाही गेली. बिघडलं काय? बिघडतं ते ऐका. मेडिकलला, इंजिनिअरिंगला, सरकारी नोकरीत अनुसूचित जमातींसाठी महाराष्ट्रात शेकडा ७ जागा राखीव आहेत. आपली पोरं बारावी विज्ञानाला पोचलीच नाहीत तर त्या जागांवर कोण बसतं? बोगस दाखलेवाले. हे आम्ही रागानं बोलत नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे महाराष्ट्रातल्याच मेडिकल प्रवेशाचं प्रकरण आलं. महादेव कोळी असल्याचा दावा खोटा ठरला, आणि जमातीचे दाखले तपासायला समित्या नेमा असं कोर्टानं सांगितलं. दाखल्यांची चोरी कोर्टापर्यंत गेली. पण चोराला दार उघडं कोणी ठेवलं? खऱ्या आदिवासी पोराला दहावीतच वळवून ज्यांनी ती जागा मोकळी केली त्यांनी.

ज्या जमिनीवर आपण नांगर घालत नाही तिच्यावर दुसरा कुंपण घालतो. हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

"शिकलेला पोर जमीन सोडतो"

हा सवाल आपल्याच बैठकीत निघतो आणि तो खोटा नाही. शिकलेलं पोर पँट घालतं, चिखलात पाय घालायला लाजतं, बोईसरच्या कारखान्यात ठेक्यावर लागतं. म्हातारे म्हणतात, १९४५ साली वारली उठले, वेठबिगार मोडली, तेव्हा कोण शाळेत गेलं होतं?

बरोबर आहे. कोणी गेलं नव्हतं, आणि लढाई जिंकली. आम्ही त्यांच्या पायाला हात लावतो. पण पुढचंही बघा. १ एप्रिल १९५७ हा कूळकायद्याचा कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारा कूळ कागदावर मालक व्हायचा होता. आणि आदिवासींच्या गेलेल्या जमिनी मोजायला १९७४ च्या कायद्यानं सुरुवात कुठून केली? त्याच तारखेपासून. म्हणजे ज्या दिवसापासून कूळ मालक व्हायचं, त्याच दिवसापासून आदिवासीची जमीन कशी सुटत गेली ते सरकारलाच मोजावं लागलं. सतरा वर्षं. लाठी घेऊन कोणी आलं नाही. खरेदीखत आलं, गहाणखत आलं, फेरफार आला. झेंड्याखाली जिंकलेलं दफ्तरात गेलं. तेव्हा दफ्तर वाचणारा आपल्यात कोणी नव्हता.

जोतिबा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं. गावच्या शाळेत काय शिकवावं ते त्यात लिहिलंय : बाळबोध आणि मोडी वाचणं-लिहिणं, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, शेतीचं ज्ञान, आरोग्य. मोडी कशाला? त्या काळी कागदपत्रं मोडीत होती म्हणून. कुळकर्ण्याच्या दप्तरात काय लिहिलंय ते कुणब्याच्या पोराला वाचता यावं म्हणून. आज दप्तराची लिपी बदलली. आज ती हेक्टर-आरची आहे, नकाशाच्या प्रमाणाची आहे, इंग्रजीतल्या कोर्ट-आदेशाची आहे. आपल्या पोरानं कोणते विषय घ्यावेत, याचा विचार इथून सुरू होतो.

आणि जमीन सोडणाऱ्या पोराचं म्हणाल, तर अर्धवट शिकवलेलं पोर जमीन सोडतं. त्याला ना धड शेती राहते, ना धड विद्या येते. कारखान्याला असंच पोर पाहिजे असतं.

मग घ्यायचं काय?

सगळ्यांनी विज्ञानच घ्या, असं संघटना म्हणत नाही. पोराची आवड बघा, डोकं बघा, घरची ताकद बघा. पण जे घ्याल ते विचारून, समजून घ्या.

विज्ञान घेतलं तर डॉक्टर, नर्स, शेतकी पदवी, जंगल खातं, इंजिनिअर हे रस्ते उघडे राहतात. विज्ञानातून पुढे कलेला जाता येतं. कलेतून विज्ञानाला परत येता येत नाही. हे दहावीच्या पोराला कोणी सांगत नाही. दार एकाच बाजूनं उघडतं, म्हणून आधी नीट बघून घ्या.

वाणिज्याला आपली पोरं जवळजवळ जातच नाहीत. का? आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी कोण असतो? भातखरेदीचा काटा, थकबाकीची यादी कोणाच्या हातात असते? ते खातेपुस्तक वाचणारं एक पोर प्रत्येक पाड्यात असलं तर अर्धी लूट आपोआप थांबेल.

कला घ्यायची तर डोळे उघडे ठेवून घ्या. कला म्हणजे उरलेल्यांची शाखा नव्हे. कायद्याला जायचं तर तिथून जाता येतं, आणि आपल्याला आपले वकील पाहिजेत. भूगोल घ्या, अर्थशास्त्र घ्या. कलेच्या पोरालाही बारावीला गणित घेता येतं, हे किती जणांना माहीत आहे? बोर्डाच्या यादीत विषय आहे. कॉलेजात शिकवणारा नसतो म्हणून पोरांना सांगतच नाहीत. मागा.

आय.टी.आय.ला कमीपणा मानू नका. फक्त ट्रेड निवडताना नुसतं वेल्डर-फिटर धरून बसू नका. सर्व्हेअरचा ट्रेड असतो, आरेखकाचा असतो. मोजणीला येणारा माणूस कायम बाहेरचाच का असावा? आपल्यातलं एक पोर साखळी धरायला शिकलं, तर मोजणीच्या दिवशी दगड सरकवायला हात थरथरेल.

आणि मुली. दहावी झाली की पोरीचा फॉर्मच भरत नाहीत. भरलाच तर जे जवळ असेल ते. "शेवटी सासरीच जायचंय." बायांनो, मोर्चात पुढे तुम्ही असता, जंगलवाल्यांच्या गाडीपुढे आडव्या तुम्ही होता. मग पोरीच्या फॉर्मच्या वेळी मागे का? नवरा मेला की सातबारावरून जिचं नाव पहिलं गळतं ती बाईच असते. तिला सातबारा वाचता आला पाहिजे. पोरीला गणित हवं असेल तर तिला गणित घेऊ द्या, आणि वसतिगृहात मुलींची जागा नसेल तर त्यासाठी भांडू.

आता करायचं ते

१. प्रत्येक पाड्यानं यंदा दहावी झालेल्या मुलामुलींची यादी करावी. निकालानंतर दोन दिवसांत बैठक. पोरानं स्वतः उभं राहून सांगावं, मला काय शिकायचंय. मोठ्यांनी आधी ऐकावं, मग बोलावं.

२. फॉर्म भरायला पोर एकटं जाणार नाही. आईबापांपैकी एक आणि संघटनेचा एक जण बरोबर. मोजणीला जसे जातो तसं. फॉर्म पोर स्वतः भरेल. कारकुनाच्या हातात कोरा फॉर्म द्यायचा नाही. कोऱ्या कागदावर अंगठा आणि कोऱ्या फॉर्मवर सही, दोन्ही सारखंच.

३. जातीचा दाखला, गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला यांच्या नकला आत्ताच करून ठेवा. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीचा आणि वसतिगृहाचा अर्ज त्याच दिवशी करा. दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्या, सही-शिक्क्यासकट.

४. "सायन्सला जागा नाही", "तुझे मार्क कमी" असं तोंडी सांगितलं तर एकच म्हणा : लिहून द्या. तोंडी नकार आपण मानत नाही.

५. आठवी ते दहावीला गणित-विज्ञानाचा मास्तर आहे का, ते प्रत्येक गावानं आपल्या शाळेत जाऊन विचारावं. जागा कधीपासून रिकामी आहे ती तारीख लिहून घ्यावी. सगळ्या गावांची मिळून एक यादी होईल.

ती यादी घेऊन आपण प्रकल्प कार्यालयावर जायचं. मागण्या चार : गणित-विज्ञानाच्या रिकाम्या जागा शाळा सुरू व्हायच्या आत भरा. तालुक्यात किमान एका आश्रमशाळेला प्रयोगशाळेसह विज्ञानाची अकरावी जोडा. अकरावी विज्ञानाच्या आपल्या पोरांसाठी पहिले तीन महिने मराठी-इंग्रजी जोडवर्ग चालवा. आणि वसतिगृहाची यादी कॉलेज उघडायच्या दिवशी लागलीच पाहिजे.

यातली एकही मागणी भीक नाही. आदिवासींच्या नावानं आलेला पैसा आदिवासींच्या पोरांवर खर्च करा, एवढंच म्हणणं आहे.

अधिकारी म्हणतील, तुम्ही जमिनीचे लोक, शिक्षणात कशाला पडता? त्यांना सांगा, जमिनीचेच लोक आहोत म्हणून पडतो. सातबारा आमच्या नावाचा, फॉर्म आमच्या पोराच्या नावाचा. दोन्हीवर अक्षर आता आमचंच पाहिजे.

जिंदाबाद!

– संघटनेचा एक कार्यकर्ता